अकरा वर्षं गाडी, आणि नापास

फेब्रुवारीत मी इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, ड्रायव्हिंग टेस्टला नापास झालो. वय 41. पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवली, इथे एक वर्ष. टेस्ट चाळीस मिनिटांची असते. परत आल्यावर परीक्षक बाईंनी गाडी आवारात लावून इंजिन बंद करायला सांगितलं आणि आज ढग आहेत म्हणावं तशा आवाजात सांगून टाकलं, तुम्ही पास झालेला नाहीत.

इथे पंधरापर्यंत मायनर, म्हणजे किरकोळ चुका, चालतात. माझे सहाच होते. पण गंभीर चूक एक जरी झाली तरी खेळ संपला, आणि माझी ती झाली झेब्रा क्रॉसिंगवर. फुटपाथच्या कडेला एक आजीबाई उभ्या होत्या. मी त्यांना पाहिलं, वेग जरा कमीही केला. त्या पुढे येईनात, म्हणजे मला जाऊ देतायत, असं धरून मी निघून गेलो. पुण्यात हेच वाचायला शिकलो होतो. ज्याला ओलांडायचंय तो हात दाखवून रस्त्यात उतरतो, आणि जो उतरत नाही त्याला घाई नसते. परीक्षक बाईंनी एका वाक्यात विषय मिटवला, ‘तुम्ही थांबला नाहीत म्हणून त्या थांबल्या.’ ओलांडायच्या तयारीत कडेला उभ्या असलेल्या माणसासाठी गाडीने थांबावं, असं इथल्या हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, जानेवारी 2022 पासून स्पष्ट लिहिलंय. मला ते माहीत नव्हतं असंही नाही. लेखी परीक्षेत 50 पैकी 43 लागतात, मला 47 होते.

इथे टेस्ट देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्तच नापास होतात. हे मला आधीपासून माहीत होतं आणि त्याचा त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही. आठवडाभर घरी बोललोच नाही. मग बाबांना फोनवर सांगितलं. ते आधी हसले, ‘अरे, तू रात्री-अपरात्री घाट उतरवायचास!’ मग जरा थांबून हळूच म्हणाले, ‘तिकडे ओळखीचं कुणी नाही का?’ थट्टा नव्हती ती. काळजी होती.

मला लागलं ते वेगळंच. भारतीय लायसन्सवर इथे पहिले 12 महिने गाडी चालवता येते. त्यानंतर तोच माणूस शिकाऊ ठरतो, गाडीला एलची पाटी लावतो आणि किमान तीन वर्षं लायसन्स असलेल्या कुणाला तरी शेजारी बसवतो. काल चालक, आज शिकाऊ, असं म्हणून मी मित्रांत या नियमाची खिल्ली उडवायचो. टेस्टनंतर ते बंद झालं. त्या वर्षभरात अशा किती आजीबाईंसमोरून मी गेलो असेन, आणि शेजारी सांगणारं कुणी नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला होता, आरटीओच्या टेस्ट कॅमेरे आणि सेन्सरवाल्या ट्रॅकवर घ्याव्यात की नाही. दोन पुतणे ‘घ्या’ म्हणत होते. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, विरोधात. त्याचं म्हणणं असं, की रोजावर गाडी चालवणाऱ्या पोराने टेस्टसाठी किती दिवस बुडवायचे? परीक्षा अवघड केली की एजंटचा दर तेवढा वाढतो. मी तिकडचा म्हणून सगळ्यांनी माझं मत विचारलं. नापास झाल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

दादाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एजंट तर इथेही आहे, फक्त तो दिसत नाही. आठवड्याच्या दिवसांतल्या टेस्टची सरकारी फी 62 पौंड. पण तारखा सॉफ्टवेअरने उचलल्या जातात आणि त्याच पुढे चढ्या भावाने विकल्या जातात. नापास झाल्यावर कामाचे 10 दिवस गेले की पुन्हा टेस्ट देता येते, असं नियम म्हणतो. मला मिळाली ती थेट जुलैतली. तोवर तासाला 35-40 पौंड मोजून शिकवणी. शिस्तीचा देश म्हणून ग्रुपवर जे कौतुक चालतं, त्यात हे कुणी सांगत नाही.

पुतण्यांचंही मला अर्धंच पटलं. यंत्र पैसे खात नाही, ही मोठीच गोष्ट आहे. पुण्यात माझं पक्कं लायसन्स निघालं तेव्हा मी गाडी वीस-पंचवीस फूट पुढे नेली होती. साहेबांनी हात केला, मी उतरलो, पुढचा बसला. तीनदा नापास झालेल्याला शेवटच्या टेस्टनंतर 60 दिवस पुन्हा बसता येत नाही, असं 1988 च्या मोटार वाहन कायद्यात आहे. हे कलम लागू झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. यंत्र आलं तर दिसेल कदाचित. पण ट्रॅकवर आजीबाई नसतात. पट्टी ओलांडली का, रिव्हर्स नीट घेतला का, हे सेन्सर सांगेल. कडेला उभ्या असलेल्या माणसाला मी काय समजतो, हे रस्त्यावर शेजारी बसलेल्या माणसालाच दिसतं.

शिवाय आपल्याकडे वाद पेटतो तो अपघात झाल्यावर, आणि शिक्षेवरून. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले. पुढे त्याला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावरून देश खवळला, आणि ते योग्यच होतं. पण भारतात 2022 या एका वर्षात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. ब्रिटनमध्ये सतराशेच्या आसपास. लोकसंख्या वीसपटीहून थोडी जास्त, मृत्यू जवळजवळ शंभरपट. एकट्या टेस्टने हा फरक पडत नाही. रस्ते, हेल्मेट, वेळेवर येणारी रुग्णवाहिका, सगळंच त्यात येतं. तरीही या लाखोंच्या मागे बरेचसे माझ्यासारखे असणार, कुणी कधी नापास न केलेले, वर्षानुवर्षं चालवलं म्हणून उत्तम चालवतो असं मानणारे.

तयारी मी दुसऱ्यांदा खरी केली. पहिल्यांदा फक्त सराव केला होता. माझ्या शिक्षकाने एक गोष्ट करायला लावली, दिसेल ते मोठ्याने बोलत चालवायचं. इंग्रजीत बोलायला गेलो की शब्दांत अडकायचो आणि वळण निघून जायचं. मग म्हणालो, मी मराठीत बोलतो, तुम्ही नुसता आवाज ऐका. ‘आरसा. डावीकडे सायकलवाला. बस थांबलीय, पुढून कुणीतरी येणार. आरसा.’ आरशात बघताना मान थोडी हलवायचीही सवय केली, कारण नुसते डोळे फिरवले तर परीक्षकाला ते कळत नाही. सहापैकी तीन मायनर त्यानेच गेले होते.

मेमध्ये दोन आठवडे पुण्यात होतो. बाबांना घेऊन कर्वे रस्त्याने जाताना एका झेब्रापाशी एक बाई उभ्या दिसल्या आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. थांबलो. मागून पीएमपीच्या बसचा हॉर्न, दोन स्कूटर डावीकडून, एक उजवीकडून. बाई हलेनात. माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि हातानेच सांगितलं, जा बाबा जा. मी जाईना, त्या येईनात. शेवटी बाबा म्हणाले, ‘अरे, तू त्यांना घाबरवतोयस.’ खरंच होतं. त्या जर माझ्यावर विसंबून उतरल्या असत्या, तर शेजारून सुटलेल्या स्कूटरने त्यांना उडवलं असतं. ग्रुपवर पाठवायला लिहून ठेवलेलं लांबलचक मत मी त्या रात्री पुसून टाकलं.

त्याऐवजी इथे परतल्यावर दादाच्या धाकट्याला एक गोष्ट पाठवली. त्याचं कच्चं लायसन्स आहे, 30 दिवस उलटलेत, एजंटने सांगितलंय, ‘तू फक्त ये.’ मी त्याला माझ्या निकालाचा मेल पाठवला, सहा मायनर आणि त्या एका गंभीर चुकीसकट. दहा मिनिटांनी उत्तर आलं, ‘काका, हे सगळं त्यांनी तुला सांगितलं? नापास करून वर सांगितलं पण?’ मग फोन आला. रोज कॉलेजला जाताना ज्या चौकातून तो स्कूटर काढतो, तिथे लोक कुठे उभे असतात, हे त्याला आठवेना.

माझी टेस्ट मंगळवारी सकाळी 8.10 ला आहे. त्याची गुरुवारी. त्याला साहेब गाडी किती फूट पुढे घ्यायला लावतात, ते मोजून सांग म्हटलंय.