कळस दिसला, पावलं! – ‘आसामात देव सोडून सगळं पाहिलंत’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या आसामच्या प्रवासलेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तेव्हा आधी पटलेलं.

गुवाहाटीच्या कामाख्या देवीचं आत्ताचं मंदिर अहोम राजांनी बांधलं, असं मी लिहिलं होतं. ते चूक, तुमचं बरोबर. मोडलेलं देऊळ 1565 मध्ये पुन्हा उभं केलं ते कोच राजा नरनारायण आणि त्याचा भाऊ चिलाराय यांनी. खालचा दगड जुना आणि वर विटांचा मधाच्या पोळ्यासारखा घुमट, हा जोड त्यांच्या वेळचा. समोरचा नाटमंदिर, म्हणजे सभामंडप, मात्र अहोमांचा, राजेश्वर सिंहाच्या काळातला. माझ्या वहीत टिपण होतं नाटमंदिराचं, ते मी अख्ख्या देवळाला चिकटवलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता न पटलेलं. ‘गुवाहाटीपर्यंत जाऊन रांगेला कंटाळून परतलात, याला यात्रा म्हणायचं का?’ असं तुम्ही विचारलंत. सोबत आई होती, वय 74, दोन्ही गुडघे बोलके. सकाळी आठला नीलाचलावर, म्हणजे देवळाच्या टेकडीवर, पोचलो, तेव्हा पैसे भरून जायची रांगसुद्धा पिंजऱ्यांमधून वळसे घेत पार मागे गेली होती. आईने घुमटाकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, ‘कळस दिसला, पावलं.’ आषाढीला पंढरपुरात लाखभर माणसं हेच करून घरी येतात, त्यांची वारी आपण कधी अपुरी धरली? शिवाय आत तरी काय आहे? जमिनीखाली उतरणाऱ्या पायऱ्या, अंधार, आणि झऱ्याच्या पाण्याने ओली राहणारी शिळा. मूर्ती नाहीच. अंबुबाचीच्या जत्रेत तर तीन दिवस दार बंद असतं, देवी रजस्वला म्हणून, आणि त्या बंद दारासाठीच देशभरातून माणसं येऊन राहतात.

गुवाहाटीजवळच्या हाजो गावातला दिवस ‘वाया’ गेला म्हणता, ते मला मुळीच मान्य नाही. मणिकूट टेकडीवरचं हयग्रीव माधवाचं देऊळ 1583 चं, रघुदेव राजाचं. पायथ्याच्या दगडात हत्तींची रांग कोरलेली आहे, ती बघत आई अर्धा तास बसली होती. आपण ज्याला विष्णू म्हणतो, त्याच देवाला बुद्धाचं स्थान मानून भूतानकडचे बौद्ध यात्रेकरूही तिथे येतात. आणि जवळच्याच टेकडीवर पोवा मक्का हा दर्गा. ‘पोवा’ म्हणजे आपला पाव, पावशेरातला. मक्केच्या पाव हिश्श्याचं पुण्य इथे मिळतं, ही श्रद्धा. एका गावात एवढं सगळं असताना दर्ग्यावर चार ओळी लिहिल्या, त्या तुम्हाला जास्त वाटल्या. मला कमी वाटतात.

ब्रह्मपुत्रेतल्या माजुली बेटावरचं नामघर, म्हणजे नामस्मरणाचं प्रार्थनाघर, ‘रिकामं सभागृह’ वाटलं, हे मात्र समजू शकतो. मलाही आधी तसंच वाटलं. लांबलचक मंडप, दोन्ही बाजूंना खांब, आणि पूर्वेच्या टोकाला लाकडी सिंहासन. त्यावर देव नाही, पोथी. आसामचे वैष्णव संत श्रीमंत शंकरदेव (1449–1568) यांनी घालून दिलेली रीत ही: नाम घ्यायचं, ऐकायचं, पोथीपुढे वाकायचं. संध्याकाळी भकत, म्हणजे भक्त मंडळी पांढऱ्या धोतरात आली, खोल (मृदंगासारखं वाद्य) आणि टाळ सुरू झाले, तेव्हा आईने न कळणाऱ्या भाषेवर बिनचूक ताल धरला. शंकरदेव गेले तेव्हा आपले एकनाथ हयात होते. दोघांनी भागवत आपापल्या लोकांच्या बोलीत आणलं, दोघांच्या मध्ये अख्खा देश. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. ‘सत्रांत मूर्ती नसते’ (सत्र म्हणजे तिथला वैष्णव मठ) हे मी सरसकट लिहिलं तेही सैलच होतं, कारण औनिआटी सत्रात गोविंदाची मूर्ती आहे. ही चूक तुमच्या नजरेतून सुटली, म्हणून मीच सांगतो.

मुखवट्यांबद्दल चार परिच्छेद का, असाही प्रश्न आहे. कारण सामागुरी सत्रात बांबूचा सांगाडा, त्यावर कापड, माती आणि शेण चढत रावण तयार होताना मी पाहिला, आणि पाय निघेना. बाकी कारण नाही.

‘माजुलीला जायचं कसं ते लिहिलंच नाही’ ही तक्रार रास्त. जोरहाटहून निमाती घाट, तिथून फेरीबोटीने कमलाबारी. गाडीही बोटीवर चढते. घाट कायमचा नसतो, किनारा ढासळला की पुढेमागे सरकतो. नदीने इथली कित्येक गावं आणि सत्रं खाल्ली आहेत, काही सत्रांना उठून पैलतीरावर जावं लागलं. पावसाळ्यात पाणी चढलं की फेऱ्या बंद होतात. तेव्हा माजुलीतून निघायच्या दिवशीचंच विमान काढू नका. आम्ही काढलं होतं.