सौम्य योगावरच्या आक्षेपांना उत्तर

जागतिक योगदिन जवळ आला की गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हटकून फिरू लागतो. खरा योग घाम गाळणारा असतो, रोज 108 सूर्यनमस्कार घातल्याशिवाय शरीरातली विषद्रव्ये बाहेर पडत नाहीत, वेदना सोसणे हीच तपश्चर्या, हळू करून काहीच होत नाही, आणि खुर्ची-उशा घेऊन केला जाणारा सौम्य योग म्हणजे हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर विदेशी पाहुण्यांसाठी थाटलेले दुकान, असा त्याचा एकूण सूर असतो. फोंडा परिसरात मी नेमका हाच सौम्य योग शिकवते, त्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे.

मजकूर परंपरेच्या नावाने बोलतो, म्हणून आधी ग्रंथ पाहू. पतंजलींनी आसनावर तीनच सूत्रे लिहिली. आसन स्थिर आणि सुखकर असावे हे पहिल्यात आहे, आणि प्रयत्न सैल केल्याने ते साधते हे दुसऱ्यात. हठयोगप्रदीपिकेने योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींत अतिश्रमाची गणना केली आहे. शरीराला क्लेश देणारी कर्मे टाळावीत, असेही तीत बजावले असून, ब्रह्मानंदांचे ‘ज्योत्स्ना’ हे तिच्यावरचे एकोणिसाव्या शतकातले भाष्य अशा कर्मांचे उदाहरण म्हणून चक्क अति सूर्यनमस्कार आणि जड ओझी वाहणे सांगते. सूर्यनमस्कारांशी माझे वैर नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी हिरिरीने प्रसार केलेला तो उत्तम व्यायाम आहे. पण 108चा आकडा सरसकट सर्वांच्या माथी मारताना परंपरेची साक्ष काढू नये.

घामाचे म्हणाल तर तो मुख्यतः पाणी आणि क्षार असतो आणि शरीर थंड ठेवणे हे त्याचे काम; टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे लावतात. जूनमधल्या आपल्या दमट हवेत नुसते बसल्या जागीही अंग चिंब होते, याला कोणी साधना म्हणत नाही. गंमत म्हणजे प्रदीपिकेत घाम हे कनिष्ठ प्राणायामाचे लक्षण आहे, आणि श्रमाने आलेला घाम अंगालाच चोळावा, असा तिचा सल्ला आहे.

वेदनेचा मुद्दा मात्र घातक आहे. माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कित्येकींचे आयुष्य आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवण्यात आणि मासळी कापण्यात गेले आहे. त्यांचे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत. अशा गुडघ्याला बळेच पद्मासनात वळवले तर झीज झालेल्या सांध्यावर पीळ पडतो. माझ्या गुरूंनी मला एकच मोजमाप शिकवले होते, ‘श्वास अडला की आसन संपले’, आणि आजही मी तेच वापरते. खांदा आखडलेल्या मावशींना मी भिंतीकडे तोंड करून उभे करते आणि बोटे हळूहळू वर सरकवायला सांगते. दात आवळले गेले, श्वास तुटला की बोटे दोन इंच खाली घ्यायची आणि तिथेच सावकाश पाच श्वास घ्यायचे. ताण जाणवायला हवा. पण कळ, झिणझिण्या किंवा दुसऱ्या दिवशी वाढलेली सूज हे थांबण्याचे इशारे आहेत.

खुर्ची आणि उशा विदेशी पाहुण्यांसाठी आल्या, हे तर साफ चूक आहे. बालपणी आजारांनी खंगलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात पट्टे, विटा, घोंगड्या आणि खुर्च्या यांची पद्धतच उभी केली. किनाऱ्यावर योगाचा बाजार भरतो हे मला मान्य आहे, पण तिथे घाम काढणारे वर्गही तितक्याच जोरात विकले जातात.

‘हळू करून काहीच होत नाही’ या वाक्यात थोडे तथ्य आहे. स्नायू आणि हाडे बळकट राहायला भार लागतो, आणि प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सौम्य आसनांनी ही गरज पुरी होत नाही. म्हणून ज्यांना झेपते त्यांना मी भरभर चालायला आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठबस करायला सांगते.