टाकी वाहतेय

सकाळी सव्वासहाला गच्चीवरून धो धो आवाज सुरू झाला की टाकी भरून वाहतेय हे आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमधल्या बाराही घरांना कळतं, घोरणाऱ्यांनासुद्धा. मोटरचं बटण खाली पार्किंगमध्ये, जिन्याला लागून. जायला एक मिनिट, यायला दोन (गुडघे). तरी रोज दहा-पंधरा मिनिटं गंगापूर धरणाचं पाणी वरून खाली आणि तिथून थेट गटारीत जातं. गंगेला (म्हणजे आमच्या गोदावरीला) पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं त्यावरून नाशिककर अंदाज बांधतात ना, तसं आमच्याकडे ते काम पार्किंगमधली बंद पडलेली स्कूटर करते. पाणी स्टँडला लागलं की समजायचं, आता कुणीतरी उठणार.

"अहो, टाकी वाहतेय," बायको म्हणाली.

"करेल कुणीतरी बंद."

हे कुणीतरी कुठल्या फ्लॅटमध्ये राहतात ते मला अठरा वर्षांत कळलेलं नाही, पण सगळ्या बिल्डिंगचा भरवसा त्यांच्यावरच.

मुलगी सायकॉलॉजीला आहे, सेकंड इयर. एरवी नऊपर्यंत हूं की चूं नाही, पण आज पांघरुणातूनच म्हणाली, "बाबा, याला बायस्टँडर इफेक्ट म्हणतात." आणि मग सुरूच झाली. लाटाने आणि डार्ली म्हणून दोघे होते, 1968 साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या पोरांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. जे एकटे होते त्यांच्यातले 75 टक्के उठून सांगायला गेले. पण शेजारी दोन जण मुद्दाम ढिम्म बसवलेले असले की जाणारे फक्त 10 टक्के! बाकीचे खोकतायत, डोळे चोळतायत, हाताने धूर बाजूला करतायत आणि फॉर्म भरतायत. नंतर विचारलं तर म्हणे वाफ वाटली, म्हणे एसीचं काहीतरी असेल. म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याचं तोंड बघून ठरवत होता की घाबरायचं का नाही, आणि दुसरा याचं.

मला एकदम हलकं वाटलं. "बघ," मी बायकोला म्हणालो, "मी आळशी नाहीये, हे शास्त्र आहे."

"आणि काल समोरचे अण्णा उठले नाहीत तेव्हा काय म्हणालात?"

"बेजबाबदार माणूस. म्हणजे ते आहेतच."

"फंडामेंटल अ‍ॅट्रिब्युशन एरर," पांघरूण बोललं. "ली रॉसने नाव दिलंय, 1977." दुसरा उठला नाही तर त्याचा स्वभाव वाईट, त्याची अडचण काय असेल ते आपण बघतच नाही. बरं, आपण उठलो नाही की मात्र अडचणच अडचण. हिच्या फीचे पैसे असे सकाळी सकाळी वसूल होतील असं वाटलं नव्हतं.

शेवटी उठलो. दारात लक्षात आलं की बनियन उलटं आहे आणि पाठीला भोक. "जा हो बाबा, कुणी बघत नाही! 2000 सालचा प्रयोग आहे, पोरांना एका गायकाचं तोंड छापलेला लाजिरवाणा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं, त्यांना वाटलं अर्ध्या लोकांनी बघितला असणार, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला."

खाली चौघे भेटले. दूधवाला, पेपरवाला, वॉचमन (हो, आम्हाला वॉचमन आहे, तो बटणाशेजारीच बसतो) आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. तिघांनी मान वर केली नाही. स्कूटरचं स्टँड बुडालं होतं. मी बटण दाबलं.

"बनियन उलटं घातलंय तुम्ही," काकू म्हणाल्या. चौघांत एक, हिशोब तंतोतंत. मग त्यांनी बटणाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अच्छा! म्हणजे रोज मोटर तुम्ही चालू ठेवता होय!"

मी "अहो नाही काकू, मी तर" एवढंच म्हणेपर्यंत त्या जिना चढून गेल्या पण.

वर येऊन चहा घेतोय तोवर ग्रुपवर मेसेज. "काही सभासद मोटर चालू करून विसरतात. पाण्याची किंमत ओळखा. नाव घेत नाही." खाली पटापट अंगठे यायला लागले, अण्णांचा पहिला. दहा झाले. अकरा झाले. आता बाराही घरांत एकट्यानेच अंगठा दिला नाही तर कसं दिसेल ते, म्हणून मीही दिला.