लग्नाला पुरावा काय?

चौतीस वर्षं संसार केला, दोन मुली उजवल्या, एसटीत कंडक्टरकी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. आणि पासपोर्टचा एजंट, जेमतेम पंचविशीचं पोरगं, काँप्युटरवरची नजर न काढता विचारतं, "काका, तुमचं लग्न झालंय का?"

शेजारी बायको बसलेली. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

"म्हणजे, सर्टिफिकेट आहे का?"

थोरली जर्मनीला असते. तिच्या बाळंतपणाला आम्हाला जायचं होतं. अडचण एकच होती. बायकोच्या शाळेच्या दाखल्यावर नाव सुशीला आणि आधार कार्डावर स्नेहल. यात चूक माझी आहे. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची पद्धत. त्या वयात मला स्नेहल हे नाव फार गोड वाटायचं, म्हणून लिहून टाकलं. ते तांदळावरून रेशनकार्डावर गेलं, तिथून आधारवर. हाक मात्र सगळे 'सुशे' अशीच मारतात. मी एजंटाला म्हटलं, "अरे, आपल्या अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदललं, तर हिचं काय घेऊन बसलास?" तो म्हणाला, "जिल्ह्याचं गॅझेट निघालं काका. काकूंचं कुठंय?"

तर दोन नावांना जोडणारा दुवा म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला. गावात तो ग्रामसेवक देतो. हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. भाऊसाहेबांकडे तीन गावं, त्यामुळे आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. बाहेर लोकसेवा हक्क कायद्याचा फलक आहे, त्यावर दाखल्यापुढे 'सात दिवस' लिहिलंय. ते सात दिवस कागद पुरे झाल्यावर मोजायला लागतात, हे फलकावर लिहिलेलं नाही. माझे अडीच महिने गेले.

भाऊसाहेब माणूस चांगला. पहिल्याच मंगळवारी त्यांनी कायदा समजावून सांगितला. सध्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा. सगळ्या लग्नांची नोंद सक्तीची करा, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं ते २००६ साली, १४ फेब्रुवारीला. कोर्टाने मुहूर्त बरा काढला होता. "आणि तुमचं लग्न?"

"एक्क्याण्णव."

"मग आधी तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे बघून या, तेव्हाच्या नोंदी तिकडं."

तालुक्याला गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "तेव्हा नोंद केली होती का?" म्हटलं, नाही. "मग मी शोधू काय?" हे बरोबरच होतं. साठ रुपये भाडं आणि एक वडापाव, एवढ्यात तो दिवस उरकला.

पुढच्या शुक्रवारी नमुना ड हातात पडला. त्यावर शंभराचं कोर्ट फी तिकीट, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही, पत्रिका आणि लग्नातला फोटो. पत्रिका ट्रंकेत होती, ती वाळवीने वाचून संपवली. फोटो एकच आहे. त्यात मुंडावळ्यांच्या आड कुणीतरी उभं आहे. तो मीच, असं मी सांगतो आणि लोक ऐकून घेतात.

फोटो एकच का, त्यालाही कारण आहे. आमची लग्नतारीख २२ मे १९९१. आदल्या रात्री तिकडे श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. सकाळी रेडिओ लावला तर सगळीकडे तेच. बाजार बंद, रस्ते ओस. फोटोग्राफर नगरहून यायचा होता, तो आलाच नाही. फोटो काढला तो मेव्हण्याच्या मित्राने, रोलमधला शेवटचा. मी एसटीचा नोकर, आणि माझ्याच लग्नाला एसटी आली नाही. सहाशे माणसांची बुंदी पाडलेली, जेवायला दीडशे. वाजंत्रीवाले आले होते, पण त्यांना वाजवू नका म्हणून सांगावं लागलं. ते मांडवाच्या कडेला सनया मांडीवर घेऊन बसले आणि पोटभर जेवले.

एक फायदा मात्र झाला. साक्षीदारांना तारीख विचारावी लागली नाही. भाऊसाहेबांनी मामांना विचारलं, "लग्नाला स्वतः हजर होता?" मामा म्हणाले, "होतो की. राजीव गांधी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. चार दिवस बुंदी खाल्ली." दुसऱ्या साक्षीदारालाही बुंदी आठवली. तिसऱ्याला राजीव गांधी आणि बुंदी दोन्ही आठवत होतं, नवरी कोण होती ते आठवायला जरा वेळ लागला.

आता सुटलो म्हणेपर्यंत भाऊसाहेबांनी शाळेचा दाखला उचलला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि पेन खाली ठेवलं.

"कंडक्टर, हा बालविवाह आहे."

मांडवात म्हणजे ग्रामपंचायतीत शांतता पसरली. दाखल्यावर बायकोची जन्मतारीख १ जून १९७३. १९७८ पासून मुलीला अठरा पुरी लागतात. आमची भरत होती सतरा वर्षं, अकरा महिने आणि एकवीस दिवस. दहा दिवस कमी!

आता १ जून ही तारीख कुठून येते, ते आमच्या पिढीला सांगायला नको. शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, पोरीचा जन्म कधीचा? आई म्हणायची, पेरणीच्या आधीचा. गुरुजी १ जून लिहून मोकळे. आमच्या गावात निम्मी माणसं त्या दिवशी जन्मली आहेत, मीही त्यातलाच. भाऊसाहेबांनाही हे ठाऊक. त्यांनी हळूच सांगितलं, "माझीही एक जूनच आहे. पण कागदाला काय सांगू?"

सासूबाईंना फोन लावला. वय पंच्याऐंशी, आठवण पक्की. "सुशी का? बहात्तरच्या दुष्काळात. नालाबंडिंगच्या कामावरनं घरी आले आन झाली. थंडी मरणाची व्हती. मिलोच्या भाकरीवर वाढली ती."

म्हणजे थंडी बहात्तरची. सासुरवाडीच्या तालुक्याला जुन्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरांची खोली आहे, तिथे गेलो. दारातच पोरगा म्हणाला, "या काका. कुणबी नोंद ना?"

"नाही. बायकोचं वय हवंय."

त्याने मान वर केली. दोन वर्षांत एवढी माणसं त्या खोलीत आली, पण असा ग्राहक त्याला पहिलाच. उत्साहाने त्याने बासन सोडलं. वहीला धुळीचा आणि उंदराचा वास. एकेक ओळ बोटाने खाली सरकवत त्याने पानं उलटली. जन्म, जन्म, मृत्यू, जन्म, मृत्यू. माणूस आला आणि गेला एवढंच तिथे लिहिलेलं, मधल्या लग्नाची दखलच नाही. तासाभराने सापडलं : ११ डिसेंबर १९७२, सासऱ्यांचं नाव, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. ना सुशीला, ना स्नेहल.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तू सहा महिन्यांनी मोठी आहेस. ती पीठ मळत होती. म्हणाली, "मग इतकी वर्षं एक जूनला तुम्ही काही आणलं नाहीत, ते बरोबरच म्हणायचं."

प्रतिज्ञापत्र झालं, बालविवाहाचं किटाळ गेलं. उरली पुरोहिताची सही. भटजी देवाघरी जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचा मुलगा बँकेत होता, आता निवृत्त आहे, वडिलांच्याच वाड्यात राहतो. "मी लग्न लावलं नाही, सही कशी करू? पण बाबांच्या वह्या आहेत, बघू." माळ्यावरून त्याने रेक्झिनच्या पिशवीतली डायरी काढली. भटजींचं अक्षर मोत्यासारखं. २२ मे १९९१ च्या पानावर माझं नाव, वडिलांचं नाव, गोरज मुहूर्त, आणि वधू सुशीला, कंसात स्नेहल. दोन्ही नावं एका ओळीत! अख्ख्या महाराष्ट्रात आमच्या लग्नाची लेखी नोंद असेल तर ती ही. मला गहिवरून आलं.

मुलाने चष्मा वर केला. "खाली अजून एक ओळ आहे."

खाली लाल शाईने लिहिलं होतं : 'दक्षिणा रु. ५१. गडबडीत राहिली. येणे.'

पानाची झेरॉक्स भाऊसाहेबांनी सहीच्या जागी लावून घेतली आणि पुढच्या मंगळवारी दाखला दिला. पण त्याआधी मी खिशातून पन्नासची नोट आणि रुपयाचं नाणं काढून ओट्यावर ठेवलं. भटजींच्या मुलाने ते मोजून घेतलं, लाल पेन शोधलं, नाही सापडलं म्हणून निळ्यानेच 'येणे' वर आडवी रेघ मारली, आणि बँकेतल्या सवयीने पुढे बारीक सही केली.