दर ३ वर्षांनी बाईकचं नवीन मॉडेल घ्यायलाच पाहिजे? एकेक मुद्दा घेऊन बोलू

सध्या एक लांबलचक मेसेज सगळीकडे फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. त्याचं सार असं की बाईक ३ वर्षं वापरायची आणि नवीन मॉडेल आलं की बदलून टाकायची, कारण नवीन गाडी जास्त सेफ असते, जास्त ताकदीची असते, ॲव्हरेज इतकं देते की वरचे पैसे पेट्रोलमध्येच भरून निघतात, शिवाय रिसेल पडायच्या आत विकली की नुकसान होत नाही, आणि जुनी ठेवली तर ती पैसे खात राहणार आणि वर पार्टही मिळणार नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने हे वाचून व्यवस्थित चालणारी गाडी देऊन टाकली आणि कर्ज डोक्यावर घेतलं, म्हणून हे लिहायला बसलोय. सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. एक मुद्दा तर बराचसा खरा आहे, तोच आधी घेतो.

सेफ्टी. इथे एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) ही एकच गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी गाडी बदलली तर मी कोणालाही अडवणार नाही. १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने के१०० या बाईकवर पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक एबीएस दिलं तेव्हा त्या यंत्रणेचंच वजन ११ किलोच्या आसपास होतं, आणि २०१० पर्यंत बॉश या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने तेच काम ७०० ग्रॅममध्ये आणून दाखवलं, म्हणून तर आज ते छोट्या गाड्यांवर सुद्धा बसतं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएसवाल्या आणि बिनएबीएसच्या गाड्यांची तुलना केली, तर एबीएसवाल्यांमध्ये जीवघेण्या अपघातांचं प्रमाण साधारण २२ टक्के कमी दिसलं. त्यामुळे तुमच्या गाडीला एबीएस नसेल आणि पुढची घेताना ते मिळणार असेल तर बदलण्याला ठोस कारण आहे. पण मेसेज काय म्हणतो? तो म्हणतो नवीन *मॉडेल* सेफ. तुमच्या ३ वर्षांपूर्वीच्या गाडीला एबीएस आधीच असेल, तर पुढच्या मॉडेलला सेफ्टीत नक्की काय वाढलं ते विचारा. कॉर्नरिंग एबीएस, म्हणजे गाडी झुकलेली असताना सुद्धा सांभाळून ब्रेक लावणारं, ते मिळत असेल तर तो खरा फरक आहे, केटीएम ११९० ॲडव्हेंचरवर २०१३ मध्ये आलं तेव्हापासून हळूहळू खाली उतरतंय. पण बऱ्याचदा उत्तर येतं नवीन हेडलाइट आणि नवीन ग्राफिक्स.

आणि एक गोष्ट त्या मेसेजमध्ये कुठेच नाही, ती म्हणजे एबीएस असो की नसो, गाडी थांबवतो शेवटी टायर. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटी चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९, म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. किती जणांनी स्वतःच्या गाडीवर हे वाचलंय? नक्षी शिल्लक दिसते म्हणून लोक वर्षानुवर्षं तोच टायर चालवतात, पण रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर ते कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ब्रेक ऑइलचंही तेच. डीओटी ४ (इथे हे ब्रेक ऑइलच्या ग्रेडचं नाव) चं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पण ते हवेतला ओलावा शोषत राहतं आणि तसं झाल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते, म्हणजे लांबच्या उतारावर सारखा ब्रेक दाबला की लिव्हर स्पंजसारखा लागायला लागतो. दर २ वर्षांनी हे ऑइल बदलायचं असतं. ज्याने हे दोन्ही केलेलं नाही त्याने सेफ्टीसाठी नवीन मॉडेल घेतो असं म्हणणं मला पटत नाही, कारण ३ वर्षांनी त्या नवीन गाडीवरही तोच कडक टायर आणि तेच जुनं ऑइल असणार.

आता "ताकद वाढते". दरवेळी वाढतेच असं नाही. यामाहाची एमटी-०७ बघा, ६८९ सीसीचं इंजिन २०१४ पासून मूळ तेच आहे, आणि २०२१ मध्ये युरोपच्या युरो ५ या प्रदूषण नियमांसाठी बदल केले तेव्हा पॉवर ७४.८ पीएसवरून (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखंच माप) ७३.४ वर आली, म्हणजे उलट जराशी कमीच झाली. त्याच वेळी पुढच्या डिस्क २८२ मिलिमीटरच्या २९८ झाल्या, हे मात्र चांगलं काम. होंडाची सीबी५०० मालिका २०१३ पासून ४७१ सीसीवरच आहे, २०२२ मध्ये पुढे शोवा कंपनीचे नवीन फोर्क (पुढचे शॉकअप) आणि दोन डिस्क दिल्या, इंजिन तेच. मुद्दा असा की कंपन्या गाडी सुधारतात, पण कुठे सुधारली ते मॉडेलच्या वर्षावरून कळत नाही, स्पेसिफिकेशनची दोन पानं शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात. ब्रेक आणि सस्पेन्शन बदललं असेल तर टेस्ट राइड जरूर घ्या. फक्त मीटर बदललं असेल तर, मला तरी नाही वाटत.

पेट्रोलचा हिशोब कोणी केलेलाच नसतो म्हणून करून दाखवतो. समजा तुमची गाडी लिटरला ४० देते आणि नवीन ४४ देते, हा फरक सुद्धा मी भरपूर धरलाय. वर्षाला १० हजार किलोमीटर चालवली तर जुनीला २५० लिटर लागणार, नवीनला सुमारे २२७. वर्षाला २३ लिटर वाचले, म्हणजे साधारण दोन टाक्या. ३ वर्षांत सहा टाक्या. आता सहा टाक्या पेट्रोलचे पैसे एका बाजूला ठेवा आणि जुनी देऊन नवीन घेताना वर घालावे लागणारे पैसे दुसऱ्या बाजूला ठेवा, तुमच्याकडे पेट्रोल कितीही महाग असलं तरी हे भरून निघत नाही. चेन कोरडी आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर ॲव्हरेज तसंही पडतं, आणि ते परत मिळवायला हवा भरण्याचा पंप आणि चेन लूबचा डबा पुरतो.

रिसेलवाला मुद्दा सगळ्यात जास्त पसरलाय आणि नेमका तोच उलटा आहे. गाडीची किंमत सगळ्यात जोरात पडते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत, नंतर पडण्याचा वेग कमी होतो. म्हणजे दर ३ वर्षांनी बदलणारा माणूस दरवेळी हाच सगळ्यात महागडा काळ स्वतःच्या खिशातून भरतो आणि स्वस्तातली वर्षं पुढच्या मालकाला देतो. समजायला आकडे धरू: गाडी १०० ची, ३ वर्षांनी ६० ला गेली. ९ वर्षांत तीन वेळा असं केलं तर गेले १२०. तीच एक गाडी ९ वर्षं ठेवून शेवटी २० ला विकली तर गेले ८०, उरलेल्या ४० मध्ये टायर, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, बॅटरी सगळं बदलून होतं आणि तरी हातात काहीतरी राहतं. यात दरवेळचं रजिस्ट्रेशन, नव्या गाडीचा जास्तीचा विमा आणि कर्जाचं व्याज मी धरलेलंच नाही. सामानाचे बॉक्स, क्रॅश गार्ड, सीट कव्हर हे जुन्या गाडीचं नवीनला बसत नाही तेही नाही धरलं.

"जुनी गाडी पैसे खाते" यावर मला माझंच सांगायचंय. माझी गाडी ८ वर्षांची झाली होती आणि मी एक नवीन मॉडेल चालवून बघितलं, परत येताना स्वतःची गाडी अशी वाटली जशी काही ओढून न्यावी लागतेय, हँडल जड, वळणावर अंग चोरते, खड्ड्यात दणका थेट मनगटात. मी जवळजवळ ठरवलंच होतं. विकायच्या आधी एकदा दाखवून घेऊ म्हणून नेली तर मेकॅनिकने गाडी मेन स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचललं आणि म्हणाला एका बोटाने हँडल फिरवून बघा. फिरवलं, आणि बरोबर मधोमध आल्यावर हँडल खट्कन एका खाचेत बसलं. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, गेला होता, बॉलनी रेसमध्ये (ते ज्यात फिरतात त्या रिंगमध्ये) खड्डे पाडले होते, म्हणून गाडी सरळ जातानाही सारखी त्या खाचेशी भांडत होती आणि मी ते इतकी वर्षं हळूहळू सवयीचं करून घेतलं होतं. मग शॉकअपचं ऑइल काढलं, ते ऑइल म्हणावं असं राहिलंच नव्हतं, राखाडी पाणी, त्यात बारीक चकाकी आणि कुजका वास. मागचा टायर मधून सपाट, चेनच्या काही कड्या आखडलेल्या.

कोन सेट, शॉकअपचं ऑइल आणि सील, दोन्ही टायर, चेन-स्प्रॉकेट, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) सेटिंग. सगळं मिळून नवीन गाडीच्या किमतीच्या ५ टक्केही झाले नाहीत. संध्याकाळी त्याच रस्त्याने घरी आलो आणि पहिल्याच वळणावर मला थांबून खाली बघावंसं वाटलं, इतकी ती आपणहून झुकली. टेस्ट राइडला जे मला नवीन मॉडेलचं वाटलं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त फक्त नवीन टायर, नवीन बेअरिंग आणि ताजं ऑइल होतं. हे लोकांना कोणी सांगत नाही याचा मला राग येतो, कारण तुलना नेहमी अशीच होते, एका बाजूला शून्य किलोमीटरची गाडी आणि दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालेली.

पार्टचं थोडक्यात. जे इंजिन १०-१२ वर्षं तेच चालू आहे त्याचे पार्ट गायब होत नाहीत, वर सांगितलेल्या दोन्ही गाड्या तशाच आहेत. कावासाकीची केएलआर६५० तर १९८७ पासून २०१८ पर्यंत मधला २००८ चा एक मोठा बदल सोडला तर जवळपास तशीच विकली गेली. खरी अडचण होते ती फार थोड्या विकल्या गेलेल्या मॉडेलची, आणि अगदी नव्या मॉडेलचीही, कारण पहिल्या काही महिन्यांत पडलात आणि एखादं पॅनेल किंवा लिव्हर मोडला तर वाट बघत बसावं लागतं, बाहेरच्या मेकॅनिकलाही ती गाडी अजून नवखी असते. पहिल्या लॉटच्या बारीकसारीक तक्रारीही त्याच लोकांच्या वाट्याला येतात. एक वर्ष थांबलात तर बिघडत काही नाही.

टीएफटी स्क्रीन (रंगीत डिजिटल मीटर), ब्लूटूथ, राइडिंग मोड यावर मी भांडणार नाही, आवडत असेल तर घ्या, स्वतःच्या पैशाने हौस करण्यात काहीच चूक नाही. फक्त नकाशासाठी म्हणून गाडी बदलू नका, मोबाईलचा माउंट पुरतो, तोही व्हायब्रेशन कमी करणारा घ्या कारण मोठ्या इंजिनच्या थरथरीने फोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केलंय. प्रदूषणाचा मुद्दा मात्र मानतो, कार्बोरेटरची जुनी गाडी आणि युरो ५ ची गाडी यांच्या धुरात खूप फरक आहे, पण ३ वर्षांच्या गाडीत आणि आजच्या गाडीत तेवढा नसतो.

बदलायची कधी, तर एबीएस नाही, चेसिसला तडा आहे किंवा अपघातात वाकलीय, गुडघे-पाठ आता त्या बसण्याला साथ देत नाही, किंवा रोज शहरात चालवणारे तुम्ही आता दोघं मिळून लांब जायला लागलात आणि गाडी त्यासाठी अपुरी पडतेय. अशा वेळी बदला, आणि तेव्हाही गेल्या वर्षीचं मॉडेल शिल्लक आहे का ते आधी विचारा.

आणि शोरूमला जायच्या आधी दहा मिनिटं काढून पुढचं चाक उचला, एका बोटाने हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधे अडकलं तर आधी कोन सेट बदला, टायरवरचे चार आकडे वाचा, आठवडाभर चालवा, मग टेस्ट राइडला जा.