१०,३६३ आणि पहिला थर

ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देण्याची आणि गोविंदांना शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाचा लाभ देण्याची घोषणा केली. तेव्हापासून दर गोकुळाष्टमीच्या आगेमागे आमच्या जुन्या चाळकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तोच वाद नव्याने पेटतो. स्पर्धा परीक्षांसाठी उमेदीची वर्षे अभ्यासिकेत घालवणाऱ्या मुलांचा प्रश्न असा की, एका दिवसाच्या सणातला सहभाग नोकरीसाठी गुणवत्ता कसा ठरतो. पथकातली मंडळी त्यावर म्हणतात की, गुरुपौर्णिमेपासून रात्र रात्र चालणारा सराव तुम्ही पाहिलेला नाही, म्हणून तुम्हाला तो एक दिवस वाटतो. अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडमध्ये बसून मी हे सारे वाचतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे; पण भांडण बक्षिसाचे आहे, आणि ते बक्षीस ज्याच्या खांद्यावर उभे राहते त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही, ही माझी तक्रार आहे.

ही तक्रार अंगवळणी पडण्यास कारण आहे. बाविसाव्या वर्षापर्यंत मी पहिल्या थरात उभा राहत असे. एका सरावात वरचे थर कोसळले आणि माझा उजवा खांदा निखळला. मंडळाचे पदाधिकारी केळी आणि पाचशे रुपये घेऊन घरी आले, त्या वेळच्या नोकरीत तीन आठवड्यांचा पगार कापला गेला, आणि पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला. कोणाचे वाईट मन नव्हते. रीतच तशी होती. ओहायोच्या थंडीत तो खांदा आजही हवामान खात्याच्या आधी बर्फाची वर्दी देतो.

अमेरिकन फुटबॉल मला बरीच वर्षे कळला नाही. २०१४ च्या हंगामात शेजारच्या गृहस्थांनी मला क्लीव्हलँड ब्राउन्सच्या सामन्याला नेले आणि बसल्या बसल्या बजावले की, आज चेंडूकडे बघायचे नाही, फक्त ७३ नंबरकडे बघायचे. लेक ईरीवरून बोचरा वारा येत होता. ७३ नंबरचा खेळाडू म्हणजे जो थॉमस, सुमारे १४० किलो वजनाचा लेफ्ट टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला राखणाऱ्या फळीतला डाव्या टोकाचा खेळाडू. चेंडू मागे दिला गेला की तो पुढे धावत नसे, उलट तिरक्या चालीने झपझप मागे सरके. पाय जमिनीपासून जेमतेम उचललेले, पाठ ताठ, दोन्ही हात छातीसमोर. समोरून तितकाच दांडगा माणूस त्याच्या अंगावर येई, तळहातांचा आवाज वरच्या रांगेपर्यंत ऐकू येई, आणि तीन-साडेतीन सेकंदांत सगळे संपे. त्या तीन सेकंदांत त्याच्या मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकने, म्हणजे त्या फेकणाऱ्याने, चेंडू फेकलेला असे आणि सारे स्टेडियम चेंडूच्या मागे मान वळवून उभे राहिलेले असे. एकदा सवय झाल्यावर मला तिथे आमचा पहिला थरच दिसू लागला.

या फळीत पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. साधारणपणे त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची परवानगी नसते. त्यांच्या नावावर गुण नाहीत, धावलेले यार्ड नाहीत. पंच त्यांचा नंबर ध्वनिक्षेपकावरून पुकारतो तो बहुधा त्यांनी प्रतिस्पर्ध्याला बेकायदा धरून ठेवले तर. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, त्याला तिकडचे दिसत नाही. म्हणून डाव्या टोकाच्या माणसाची किंमत सर्वांत जास्त. आंधळ्या बाजूचा राखणदार, असे त्याला म्हणता येईल.

थॉमसला क्लीव्हलँडने २००७ साली नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत तिसऱ्या क्रमांकाने निवडले. निवडीच्या दिवशी न्यूयॉर्कच्या समारंभाला जाण्याऐवजी तो वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडत होता. त्यानंतर तो अकरा हंगाम एकाच संघात राहिला, आणि त्या अकरा हंगामांत संघ ४८ सामने जिंकला व १२८ हरला. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या पाठीमागे वीस वेगवेगळे क्वार्टरबॅक येऊन उभे राहिले. तरीही पहिल्या दिवसापासून तो एकही चाल (चेंडू मागे दिल्यापासून खेळ थांबेपर्यंतचा डाव) न चुकवता मैदानात राहिला, तो २२ ऑक्टोबर २०१७ रोजी टेनेसीविरुद्ध डाव्या दंडाचा स्नायू फाटेपर्यंत. तोवर सलग १०,३६३ चाली झाल्या होत्या. अशी मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो विक्रम आहे, आणि स्टेडियममध्ये त्याच्या नावासोबत तो आकडा झळकतो. हरणाऱ्या संघातल्या, चेंडूला हात न लावणाऱ्या माणसाचा आकडा एका शहराने तोंडपाठ करावा, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

अर्थात मोजणी फक्त कौतुकापुरती नव्हती. २०११ मध्ये त्याच्याशी सात वर्षांचा, सुमारे ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला आणि त्यातले सुमारे ४ कोटी ४० लाख हमीचे होते. हमीचे, हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण या खेळात करारातली बाकीची रक्कम खेळाडूला संघातून काढले की बहुधा हवेत विरते.

परदेशी राहणाऱ्यांना एक खोड असते, इथले सारे शहाणपणाचे आणि तिथले सारे अडाणीपणाचे असे सांगण्याची. त्या खोडीवर उतारा म्हणून मी पिट्सबर्गची आठवण ठेवतो, जे इथून मोटारीने दोन-सव्वादोन तासांवर आहे. तिथे माइक वेब्स्टर पंधरा हंगाम सेंटर म्हणून खेळला, चार वेळा विजेता ठरला, १९९७ साली या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत, गेला, आणि २००२ साली अवघ्या पन्नासाव्या वर्षी वारला. शेवटच्या वर्षांत त्याला आठवत नसे, झोप लागत नसे, कधी कधी तो आपल्या गाडीतच रात्र काढी. शवचिकित्सक डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूत वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणाऱ्या विकाराच्या खुणा पाहिल्या आणि २००५ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. अपंगत्वाच्या पूर्ण लाभासाठी त्याच्या वारसांना कोर्टाची पायरी चढावी लागली. लाइनमनचे, म्हणजे या फळीतल्या खेळाडूचे, डोके जवळपास प्रत्येक चालीत कशावर तरी आदळते, हे उघड्या डोळ्यांना दिसत असताना लीगला, म्हणजे ही व्यावसायिक स्पर्धा चालवणाऱ्या एनएफएलला, ते मान्य करायला वर्षे लागली. माजी खेळाडूंबरोबरच्या तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली ती २०१५ मध्ये. खुद्द थॉमसने खेळत असतानाच, २०१७ साली, आपली स्मरणशक्ती क्षीण होत असल्याचे सांगितले होते. निवृत्तीनंतर त्याने सुमारे पन्नास पौंड वजन उतरवले. खाणे हाही नोकरीचाच भाग होता, असे तो सांगतो.

म्हणजे इथेही माणूस झिजतोच. फरक आहे तो लिखापढीचा. तीन हंगाम भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क, त्यानंतर पाच वर्षे आरोग्यविमा, कोणत्या दिवशी कोणता स्नायू फाटला याची नोंद, आणि या सर्वांसाठी भांडणारी खेळाडूंची संघटना. यातले काही मालकांनी आपखुशीने दिलेले नाही.

आपल्याकडे २०२२ च्या घोषणेत मृत्यूसाठी १० लाख, दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख आणि एक गमावल्यास पाच लाख अशी तरतूद होती. ती आवश्यकच होती. पण अवयव शाबूत राहून निकामी झालेला खांदा यातल्या कोणत्या रकान्यात बसतो? सरावातल्या रात्री पथकाच्या वहीत कोण कुठल्या थरात उभा होता हे लिहिले जाते का? क्रीडा आरक्षणाचा वाद सुटो वा न सुटो, नोकऱ्या मूठभरच असणार. थर लावणारे हजारो असतात, आणि त्यांना नियुक्तिपत्राआधी नोंदवही, डॉक्टर आणि वर्षभराचा विमा हवा आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा याला विरोध असेल असे मला वाटत नाही.

२०२५ च्या दहीहंडीला ठाण्यात १० थर लागले आणि काही मिनिटांत त्याची चित्रफीत गटावर आली. कॅमेरा लगेच वर गेला, जायचाच. मी ती सुरुवातीलाच थांबवून पाहिली: खाली वाकलेल्या मानांचे एक कडे, एकमेकांच्या खांद्यांत रुतलेली बोटे, एकाही माणसाचा चेहरा दिसत नाही. आमच्या जुन्या पथकात आजही सरावाला जाणाऱ्या मित्राला मी फोन करून विचारले की, यंदा माझ्या जागेवर कोण उभा होता. तो थोडा थांबला. मग म्हणाला, “अरे, तो मागच्या गल्लीतला, जाडसर... चेहरा येतोय डोळ्यांसमोर, नाव विचारून सांगतो.”