फुकटच्या अकलेचं व्यवस्थापन

हाताशी पैसे नाहीत, माणसं नाहीत, डोक्यात कल्पनाही नाहीत? बेलाशक क्राउडसोर्सिंग करा, म्हणजे जाहीर आवाहन करून काम अनोळखी गर्दीकडून करून घ्या. इंटरनेटवर गर्दी पडीक असते आणि तुमच्याच आवाहनाची वाट बघत असते, एवढं मनाशी पक्कं धरलं की निम्मं काम झालं.

सुरुवात नाव सुचवण्यापासून करा. त्याला अभ्यास लागत नाही, त्यामुळे झुंबड ठरलेली. २०१६ मध्ये ब्रिटनच्या एका सरकारी संशोधन परिषदेने ध्रुवीय संशोधनाच्या नव्या जहाजासाठी असंच आवाहन केलं. नाव प्रेरणादायी हवं होतं. गर्दीने १,२४,१०९ मतं देऊन निवडलं 'बोटी मॅकबोटफेस'. परिषदेने लोकभावनेचा मान राखून जहाजाला सर डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं आणि 'बोटी' दिलं जहाजासोबतच्या एका मानवरहित पाणबुडीला. नासाने हा धडा २००९ मध्येच गिरवला होता: अंतराळ स्थानकाच्या नव्या भागासाठी मतदान घेतलं, तर पहिला आला विनोदवीर स्टीफन कोल्बेअर. त्याचं नाव लागलं ते अंतराळवीरांच्या ट्रेडमिलला! तेव्हा 'अंतिम निर्णय आमचाच' ही ओळ बारीक अक्षरात आधीच टाकून ठेवा आणि एखादं ट्रेडमिल हाताशी असू द्या.

गर्दी शहाणी असते, असं कुणी म्हणालं की ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनचा दाखला येतोच. कापून साफ केल्यावर बैलाचं वजन किती भरेल, याचे जत्रेतल्या ७८७ लोकांचे अंदाज त्याने १९०७ मध्ये मांडले. मधला अंदाज १२०७ पौंड, खरं वजन ११९८. पण तिथे प्रत्येकाने चिठ्ठी आपापली भरली होती आणि चिठ्ठीमागे सहा पेनी मोजले होते. त्या सहा पेनींमुळे टवाळखोर लांब राहिले, हे गाल्टननेच लिहून ठेवलंय. तुम्ही असला कंजूषपणा करू नका. प्रवेश मोफत ठेवा, मतांचा आकडा क्षणाक्षणाला दाखवा, म्हणजे कुणाला स्वतः विचार करण्याचा त्रास नको.

एवढं करूनही काम पार पडलंच, तर ते चार-पाच जणांनी रात्री जागून, बाकीच्यांच्या चुका निस्तरत केलेलं असेल. अहवालात मात्र 'हजारोंचा उत्स्फूर्त सहभाग' असंच लिहा. त्या चार-पाच जणांना एकेक डिजिटल बॅज पाठवा. त्यावर त्यांची नावं चुकली, तर दुरुस्तीसाठी नवं आवाहन काढा. करायला तेच येतील.